पडवीतली मग्दालिया

१२ जाने. २००३, रवि.
पास्कल येशू होणार! लेस्ली सांगायला आला होता. एरवी लग्नांचे व्हिडिओ काढतो, आता उपवासकाळात गावोगाव दाखवायला येशूचं चरित्र काढतोय. आमचे हे बँकेत कारकून, चाळिशीला आलेले, पण अंगाने सडसडीत आणि दाढी दाट. सासूबाई लगेच डोळे पुसायला लागल्या. मला गर्दीतल्या बायकांत उभी करणार आहेत. बरं.

२६ जाने.
गावाजवळच्या जुन्या किल्ल्यात शूटिंग. मरिया मग्दालिया, म्हणजे आसवांनी येशूचे पाय धुणारी, ती नायगावची. सिंथिया नाव, नव्या बिल्डिंगमध्ये राहते, नवरा आखातात. केस कमरेपर्यंत. माझे बाळंतपणात गेले ते गेलेच.
जेवताना तिने विचारलं, "तुम्ही घरीपण असेच शांत असता?" पास्कल हसला. घरी नसतो हसत असा.

९ फेब्रु.
पाय धुण्याचा सीन आमच्याच पडवीत. लेस्लीला जुनं कौलारू घर हवं होतं. पास्कलला सर्दी, म्हणून पाणी मीच तापवून दिलं. रडण्यासाठी लेस्लीने ग्लिसरीन आणलं होतं. सिंथिया म्हणाली, "नको." खाली वाकली आणि खरंच रडली. मग केसांनी पाय पुसले, तेल लावलं. मी कॅमेऱ्यामागे तांब्या धरून उभी. लेस्ली "ओके" म्हणाला तरी ती उठेना.
संध्याकाळीही ह्यांच्या पायांना मोगऱ्याच्या तेलाचा वास. मी साबण पुढे केला.
"धुतो ना. घाई काय आहे?"

१६ फेब्रु.
ताप आहे म्हणून शूटिंगला गेले नाही. ताप नव्हता. दिवसभर डोक्यात तेच, आता तिकडे काय चाललं असेल. माळ हातात घेऊन रोझरी म्हणताना मनात आलं, पडू दे तो पिक्चर. पाप आहे. पण आलं.

२२ मार्च, शनि.
चर्चच्या हॉलमध्ये पहिला शो. पडलाच पिक्चर!
ह्यांचा आवाजच नाही. लेस्लीने मुंबईच्या कोणाकडून तरी भरून घेतला, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. डोंगरावरच्या प्रवचनात मागे रिक्षाचा हॉर्न. लाजरस थडग्यातून उठताना गालात हसतोय. आणि लेस्लीची लग्नाची सवय कुठे जाणार, पुनरुत्थानाच्या वेळी पडद्यावर गुलाब गोल फिरत आले आणि बदामाच्या आकारातून येशू बाहेर! पोरं फिदीफिदी हसली. सासूबाईंचा चेहरा पडला. मी मनातून खूश.
पण त्याआधी आमची पडवी आली होती. तिचं ते रडणं. आणि वर बसलेल्या पास्कलचे डोळे भरलेले. त्या दिवशी माझं लक्ष तिच्याकडेच, ह्यांचे डोळे दिसलेच नव्हते. अख्ख्या पिक्चरमध्ये तो येशू वाटला तो तेवढाच.
बाहेर पडताना फादर म्हणाले, "बाकी जाऊ दे, पण तो एक सीन खरा आहे."
मी हो म्हटलं. काय म्हणणार?

२३ मार्च
पास्कल वाडीत केळींना पाणी सोडत होता, तिथेच गाठलं.
"तू का रडलास?"
"ठाऊक नाय."
"असं कसं ठाऊक नाय?"
"अगं, असं कधी कोणी..."
"कोणी काय?"
"काही नाही. सोड."
लग्न झाल्यापासून डबा मी भरते, दुखण्याखुपण्यात रात्री मी बसते. पाय धरले नाहीत, खरंय. आमच्यात कोण धरतं?
खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

३० मार्च, रवि.
चर्चमधल्या मिस्सानंतर पास्कल लेस्लीबरोबर पुढच्या गावच्या शोला गेला. सासूबाई नणंदेकडे. मी भात टाकत होते, तर फाटकात सिंथिया. केसांचा अंबाडा, तोंड उतरलेलं.
"भाऊ नाहीत ना घरी? तुमच्याशीच बोलायचंय, वहिनी."
पडवीत बसली. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही, सरळ विचारलं, "त्या दिवशी का रडत होतीस?"
बोटातली अंगठी फिरवत म्हणाली, "सांगते. पण ऐकल्यावर मला हाकलू नका."
ऐकायच्या आधीच चहा ठेवते म्हणून आत आले. चहा उकळून उकळून काळा झाला. मी हे लिहीत बसलेय. ती बाहेर आहे, खोकलीसुद्धा नाही.
दूध घालायचंय अजून. जाते.