वाळवीनं खाल्लेला वार

मंगळवार, १६ मे १९७२. नगर

आज कचेरीत कर्जतकडची सगुणाबाई आली होती. सामाईक विहिरीवर तिची पाण्याची पाळी कोणत्या वारी, यावरून चुलतभावाशी भांडण. सोमवारी बैलांना विसावा, मोट बंद, म्हणून मंगळवारी विहीर भरलेली असते. गुरुवारी यंदा नुसता गाळ.

कपाटातून पाळ्यांच्या जुन्या मोडी कागदाची माझ्याच हातची बाळबोध नक्कल काढली. गुरुवार.

"आवं भाऊसाहेब, माजा बा तर मंगळवार म्हनायचा."

नक्कल केली तो दिवस आठवला. जुन्या मोडी बाडात त्या जागी वाळवी लागली होती. शिल्लक होतं नुसतं 'वार'. नकलेत कोरी जागा चालायची नाही, असा साहेबांचा हुकूम. मी लिहायला बसलो होतो त्या दिवशीचाच वार घालून टाकला! खाली 'अस्सलबरहुकूम' म्हणून सही ठोकली. नव्या नियमानं नक्कल झाली की मूळ जाळायचं. तेही मीच जाळलं. आता ताडून बघू कशाशी?

सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण समोर साहेब बसलेले. म्हणालो, "कागदात गुरुवारच आहे, बाई."

भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या सहीवरून हलकेच बोट फिरवलं.

"सरकारी कागुद कशाला खोटं बोलंल? बा म्हातारा झाल्ता, त्योच चुकला आसंल," म्हणाली, आणि मला हात जोडून गेली.