कमरेखालची भूल

बाई, परवा माझी गर्भाशयाची पिशवी काढणार आहेत. भूल देणारा मुलगा काल खाटेशी येऊन विचारून गेला, "मॅडम, पाठीत सुई देऊ की पूर्ण झोपवू? तुमच्या तब्येतीला दोन्ही चालेल." तुमच्या हाताखाली शिकले तेव्हापासून जन्मभर मी हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत आले. आता फार थकले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी उत्तर द्यायच्या वेळी तुम्हीच आठवलात.

परळच्या आपल्या इस्पितळातला तो दिवस. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा, ट्रामा बंद, आणि टेबलावर लालबागची एक गिरणीकामगार बाई. तिचीही पिशवीच काढायची होती. कापसाच्या धुळीने छाती भरलेली, त्यामुळे ईथर हुंगवायची सोय नाही. मी तिला कमरेखालची भूल समजावते आहे आणि ती नुसती मान हलवते आहे. "सुई नको गो बाय. पाय गेले तर मशिनीकडे उभी कशी रवतलंय?" तुम्ही मला बाजूला सारलंत. "पाय मी उसने घेतेय. संध्याकाळी परत देईन," म्हणालात, आणि ती मुकाट वाकून बसली. मग उशाशी स्टूल ओढून तुम्ही तिला बोलती ठेवलीत. मोर्चात गेलेला नवरा, सोड्यांची आमटी, नळावरची भांडणं. सर्जन वैतागले, "इथे काय हळदीकुंकू आहे?" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. मला मात्र पुटपुटलात, "जीभ जड झाली की रक्तदाब घसरला समज." मला वाटलं, एवढंच कारण असेल. संध्याकाळी ड्यूटी संपली तरी तुम्ही तिच्या पायथ्याशी बसून होतात. अंगठा हलला तेव्हा "घे गं तुझे पाय" म्हणून उठलात आणि गिरगावपर्यंत चालत घरी गेलात.

पुढे मीही कितीजणींच्या उशाशी बसले आणि बोलून बोलून दमले. आता सगळं यंत्र दाखवतं. मुलगा हुशार आहे, त्याचं काही चुकणार नाही, पण त्याच्यापुढे केसेसची रांग लागलेली असते. गप्पा मारायला तो वेळ कुठून आणणार? आज सकाळी मी त्याला सांगून टाकलं, पूर्ण झोपव. तो चकितच झाला. "मॅडम, सुई तर आम्ही तुमच्याकडूनच शिकलो." कंबर वाकत नाही, अशी मी थाप मारली, आणि त्याने ती मानली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं लिहिते. सुईला मी भीत नाही, बाई. मी जागी असेन आणि माझ्याशी कुणीच बोलणार नाही, याला भिते.