शिवदासमामांची कवळी आणि समोरचे घर

आणि मशीन अजून थांबलेले नाही. ते तुमच्या अंगणातून बाबाजींच्या अंगणात जाते आणि तिथून परत तुमच्या अंगणात येते. ते फिरते आहे तोवर नमस्कार करून घेते: तीर्थरूप शिवदासमामा, पणजीहून सुमंगलाचा शिरसाष्टांग. मामींचा गुडघा कसा आहे?

दंतवैद्याकडची तुमची कवळी आमच्या कुरिअरच्या ऑफिसात आली आहे. रविवारी तुमच्या सुलोचनाचा साखरपुडा, आणि कवळीशिवाय तुम्ही व्याह्यांसमोर तोंड उघडणार नाही, हे सगळ्या कारापूरला ठाऊक आहे. अडले आहे ते मशीनमधल्या माझ्या प्रोग्रॅममध्ये. (साहेबांनी त्याचे कौतुकही केले होते.) त्यात पत्ता ही एक वस्तू असते. तिला कप्पे असतात: नाव, घर नंबर, रस्ता, गाव. कारापुरात रस्त्याला नाव नाही, आणि घर नंबर विचारला की माणसे दारावरची पाटी बघायला बाहेर जातात. सगळे खूण सांगतात. म्हणून मी खुणेचा कप्पा केला आणि त्यात दुसऱ्याचा अख्खा पत्ता बसेल अशी सोय केली. तुम्ही खूण दिलीत, बाबाजींच्या घरासमोर. बाबाजींनी दिली, शिवदासच्या घरासमोर.

माडाच्या एका झावळीवरून (ती तुमच्या कौलांवर पडली, मान्य) तुम्ही दोघे मी शाळेत असल्यापासून बोलत नाही. पण जगाला आपले घर दाखवायचे झाले की दोघांनाही दुसऱ्याचेच घर आठवते. वेगळी खूण मागायला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "गो बाय, शिवदासाचें घर कोणाक खबर ना?" मी पिंपळ सुचवला. "तो त्याच्या घराच्या कुशीक." विहीर सुचवली. "ती तर त्याचीच." बाबाजी म्हणाले, "हांव पयलींच हांगा आसलों. तोच म्हज्यासमोर येवन रावलो." म्हणजे नंतर आलेले तुम्ही.

शेवटी मी बाबाजींच्या पत्त्यातली खूण पुसली. मशीन लगेच थांबले. पार्सल निघाले. निश्चिंत असा.

तुमची भाची,
सुमंगला

ता. क. मशीन थांबले ते बाबाजींच्या दारात. तिथून समोर वळायचे, हे त्याला सांगायचे राहिले. पार्सलावर नावही त्यांचेच छापले गेले. फोनवर हे सांगायचे धाडस नाही, म्हणून हे पत्र. मागणे एवढेच की रस्ता ओलांडा आणि कवळी मागा. तोंडावर पंचा धरून बोललात तरी चालेल.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्र साखळीला जाणाऱ्या बसवाल्याकडे देण्याआधी, बाबाजींचा फोन आला. त्यांनी कवळी लावून पाहिली. बसत नाही. बदलून मागत आहेत.