झील धरायला पेडल

१९ जानेवारी २०२५, रविवार
आला एकदाचा डिले पेडल! धाराशिवच्या गिटार क्लासमधल्या वैदेहीनं तिचा जुना मला देऊन टाकला. सूर आत जातो आणि थोड्या वेळानं परत येतो. किती वेळानं यायचं ते एका बटणावर, किती वेळा ते दुसऱ्यावर, किती मोठ्यानं ते तिसऱ्यावर. संध्याकाळभर तेच. आई म्हणाली, "वाजवतीस एकदा, ऐकावं लागतंय चारदा!"

२२ जानेवारी
काकू येरमाळ्याहून आल्या होत्या. कुमारकाकांच्या नागेशच्या लग्नाचा गोंधळ आण्णांनीच घालावा म्हणून. आण्णा नाहीच म्हणाले. "झील धरायला कोन हाय आता? बाहेरचा गोंधळी सांगा." सख्ख्या भावाच्या पोराला बाहेरचा गोंधळी!

कुमारकाका गेल्यापासून आण्णांनी संबळाला हात लावलेला नाही. आण्णांनी ओळ म्हणायची, काकांनी तुणतुणं वाजवत मागून ती उचलून झील धरायची — जन्मापासून मी हेच ऐकलंय. राग आला, रडूही आलं.

मग सुचलं — मागून ओळ म्हणणारं यंत्र माझ्याकडं आहे की!

२६ जानेवारी
पचका! आण्णांना कसंबसं बसवलं, क्लासमधून आणलेला माइक पेडलला जोडला. पण वेळ मोबाइलवरच्या ठोक्याला लावून ठेवली होती. गोंधळात लय चढत जाते — गोंधळ्याच्या पोरीच्या हे ध्यानात राहू नये? संबळ पुढं, सूर मागं. आण्णा म्हणाले, "गाडी गेली पुढं, तुझं मशीन ऱ्हायलं स्टँडवरच!"

हसले मात्र. किती दिवसांनी!

२७ जानेवारी
क्लासवाले माइक परत मागतायत. देणार नाही.

४ फेब्रुवारी
जमलं! पायानं ठोका दिला की पेडल तेवढ्याच अंतरानं सूर परत देतो. संबळाबरोबर पाय चालवत राहिले. आण्णा दोन कडवी छान गायले. मग धाप लागली, थांबले.

"कुमार झील धरायचा तवा मला दम घ्याया मिळायचा. ह्ये तर मी थांबलो की थांबतंय."

खरंच की. आण्णांचाच आवाज तो. त्याच्यात स्वतःचा दम कुठून येणार? तरी काकूंना निरोप गेला — गोंधळ आण्णाच घालणार. निभेल ना? मला धास्ती वाटतेय.

१० फेब्रुवारी
आईला विचारलं, मी धरू का झील? "आपल्या घरात बाईनं झील धरलीया व्हय कधी?" आण्णा तिथंच होते. संबळाच्या दोऱ्या आवळत बसले.

१७ फेब्रुवारी
काल गोंधळ झाला. पेडल पायाशी होता. तिसऱ्या कडव्याला आण्णांनी समोरचा माइक हातानं बाजूला सारला, अर्धी ओळ म्हणाले आणि वळून माझ्याकडं बघत राहिले. संबळ चालूच. उरलेली ओळ मी उचलली.

"चढव आवाज, शुभे!" म्हणाले, आणि निवांत दम घेतला.