टॅमरॅक काउंटीतले न मोजलेले मत आणि माझ्यामागची व्यवस्था

घडले ते असे :

१. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्कॉन्सिनमधल्या टॅमरॅक काउंटीच्या खजिनदारपदासाठी माझे वडील ऑर्व्हिल ओडेगार्ड रिपब्लिकन पक्षातर्फे उभे होते. समोर डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोइस ब्रँट.

२. मतमोजणी यंत्रांची तंत्रज्ञ म्हणून मी त्या दिवशी होल्मडालच्या मतदान केंद्रावर कामाला होते. त्यामुळे माझे मत मी आठवडाभर आधीच पाकिटातून दिले होते.

३. संध्याकाळी ७.३८ वाजता माझे पाकीट अपूर्ण आढळले. आठच्या आत ते पूर्ण झाले नाही. न उघडता बाजूला ठेवले गेले.

४. दोन्ही उमेदवारांना ३,२०८ मते पडली. वडिलांनी फेरमोजणी मागितली नाही.

५. २६ नोव्हेंबरला बरोबरी सोडवायला काचेच्या वाडग्यातून चिठ्ठी काढली. लोइस ब्रँट निवडून आल्या.

६. माझा भाऊ लायल त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही. वडील गेल्या ऑगस्टमध्ये वारले.

मी मारित ओडेगार्ड, वय चौतीस, अविवाहित, राहणार होल्मडाल. वरील तारखा मी कागद न पाहता लिहिल्या आहेत. बुद्धी ठिकाणावर असल्याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही. ११ मार्चला माझ्या डोक्यातील गाठ काढणार आहेत. सर्जनने यशाची टक्केवारी सांगितली आहे. ती चांगली आहे, शंभर नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या आग्रहावरून किंवा धाकाने लिहीत नाही. याआधी मी दुसरे केलेले नाही.

कलम पहिले : घर. आईवडिलांचे घर माझ्या नावावर आहे, ते लायलला द्यावे. आई डेमोक्रॅट, बाबा रिपब्लिकन. निवडणुकीच्या हंगामात अंगणात दोघांच्याही पाट्या असत आणि गवत कापताना लायलला दोन्हींना वळसा घालावा लागे. मतदानाला ते एकाच गाडीतून जात. आई दर वेळी म्हणायची, "आपली मतं एकमेकांना खोडणारच. घरीच बसू, पेट्रोल तरी वाचेल." बाबा चावी शोधत विचारायचे, "तू बसशील याची हमी कोण देणार?" लायलने अंगणात कोणती पाटी लावावी याबद्दल माझी अट नाही.

कलम दुसरे : अवजारे. निळी पेटी, मोजमापाची उपकरणे आणि माझ्या वह्या काउंटीच्या पुढच्या तंत्रज्ञाला द्याव्यात. त्याचा किंवा तिचा पक्ष विचारू नये. तीन नंबरच्या यंत्रात दमट हवेत कागद अडकतो. त्याला थापट्या मारू नयेत, रूळ कोरड्या कापडाने पुसावा. फेरमोजणी का नको, असे पक्षाच्या लोकांनी विचारले तेव्हा बाबा म्हणाले होते, "यंत्रं माझ्या मुलीने तपासलीत. पुन्हा काय मोजायचं?" हे वाक्य मला मिळालेले एकमेव प्रशस्तिपत्र आहे. ते कोणाला देता येत नाही, म्हणून फक्त नोंदवते.

कलम तिसरे : आईचे चाळीस कपांचे कॉफीचे भांडे. ते मतदान केंद्राला द्यावे. कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात नेऊ नये. रिपब्लिकन पक्षाचे काउंटी सचिव गॉर्डन झेल्म यांनी बाबांच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात, ताटात बटाट्याचे सॅलड वाढून घेता घेता, मला ऐकवले, "एक मत, मारित. पोटच्या पोरीचं एक मत." गॉर्डन झेल्म यांना काहीही देऊ नये.

कलम चौथे : पाकीट. ते काउंटीच्या तिजोरीत आहे. मतदानानंतर बावीस महिन्यांनी, म्हणजे येत्या सप्टेंबरात, ते नष्ट केले जाईल. ते उघडावे म्हणून कोणीही अर्ज करू नये. आत कोणाचे नाव आहे हे मी सांगितलेले नाही आणि इथेही सांगत नाही.

चिठ्ठी निघाली त्या दुपारी गाडीत लायल म्हणाला, "कुणाला दिलं होतंस? एवढंच सांग."

बाबा म्हणाले, "मत विचारायचं नसतं, लायल. मी तुझ्या आईलाही कधी विचारलं नाही."

"आईचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं!"

"गावाला असेल. मी विचारलं नव्हतं."

आता पाकीट अपूर्ण कसे, ते. आमच्याकडे पाकिटावर मतदाराबरोबर एका साक्षीदाराचीही सही आणि पत्ता लागतो. सही होती, पत्त्याची ओळ कोरी होती. साक्षीदाराने स्वतः येऊन ती भरली असती तर भागले असते. टेबलाशी दोन निरीक्षक होते : डेमोक्रॅट बर्निस क्वाटेक आणि रिपब्लिकन डॅरिल पोमेरँक. वीस वर्षांत या दोघांचे कॉफीत साखर किती यावरही एकमत झालेले नाही. त्या संध्याकाळी झाले.

"आण इकडे, मी लिहिते," बर्निस म्हणाली. "तो कुठे राहतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"आणि मला काही दिसलं नाही," डॅरिल म्हणाला. "चष्मा गाडीत राहिलाय."

मी म्हटले, "सकाळी एडना फिस्कचं पाकीट याच कारणासाठी बाजूला ठेवलंत."

"अगं, एडना वृद्धाश्रमात, तिचा साक्षीदार फ्लोरिडात. तिचं काय करणार होतो?"

"तिच्यासाठी लिहिलं नाही, तर उमेदवाराच्या मुलीसाठी कसं लिहाल? ठेवा बाजूला."

"पोरी," डॅरिल म्हणाला, "तुझ्या डोक्यात मेंदू आहे की नुसते स्क्रू?"

नोंदवहीत कारण म्हणून 'अपूर्ण' एवढाच शब्द आहे. लायलने समज करून घेतला की मी स्वतःचीच सही मुद्दाम सोडली. तो समज मी मोडला नाही. साक्षीदार लायल होता. माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, एका हातात सँडविच धरून त्याने सही केली आणि तो निघून गेला. मतदानाच्या दिवशी मी त्याला ७.४१ आणि ७.५२ ला फोन केला. तो बाबांच्या मतदारांना गाडीतून केंद्रावर पोचवत होता. त्या वेळी एका आजोबांची व्हीलचेअर उतरवत होता, असे नंतर कळले. घरी आल्यावर त्याने विचारले, "फोन केलेलास? जेवायचं विचारायला ना?" मी हो म्हटले. ते खोटे होते. इथे दुरुस्त करते.

ओळ त्याने सोडली, तपासायची मी सोडली. पाकीट चिकटवण्याआधी प्रत्येक ओळ पाहावी, हे मी दर निवडणुकीआधी इतरांना शिकवते. त्यामुळे माझी चूक मोठी. बाबा असताना हे सांगितले असते तर त्यांना माझ्याऐवजी लायलकडे, ज्याच्यामुळे ते मत गेले तो म्हणून, पाहावे लागले असते. माझ्याकडे तसे पाहायची त्यांना सवय झाली होती. लायलला ते सोसले नसते.

कलम पाचवे : बचत. रुग्णालयाची बिले भागवून जे उरेल ते एडना फिस्क राहतात त्या वृद्धाश्रमाला द्यावे. त्यातून मतदानाच्या दिवशी गाडी ठेवावी. चालकाने कोणत्याही पक्षाचा बिल्ला लावू नये.

कलम सहावे : हे सर्व पार पाडण्याची जबाबदारी मी लायल ओडेगार्ड याच्यावर सोपवते. त्याने नकार दिल्यास वकिलाने पाहावे.

वरील मजकूर मी वाचला आहे. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

मारित ओडेगार्ड
होल्मडाल, सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६

तिने आमच्यासमोर आणि आम्ही तिच्यासमोर सही केली :
हेलेन टुओमी, ग्रंथपाल
रसेल डिग्नन, छपरे दुरुस्त करणारा

लायलला पाठवलेल्या प्रतीवर :

लायल, मी गेल्यावर हा कागद न्यायालयात दाखल होईल आणि तिथे तो कोणालाही वाचता येतो. गॉर्डन झेल्मलाही. म्हणून चौथे कलम वगळलेली दुसरी प्रत तयार ठेवली आहे. ते वगळ असे तू सांगितलेस तर, किंवा काहीच कळवले नाहीस तर, सोमवारी ९ मार्चला मी त्या प्रतीवर सही करीन आणि ही फाडून टाकीन. मग हे तुझ्यामाझ्यातच राहील.

मला दोन गोष्टी कळव : चौथे कलम ठेवायचे की नाही, आणि सहावे तुला मान्य आहे की नाही. उत्तर शुक्रवार, ६ मार्चपर्यंत यावे.