माल तोच, ट्रिपा जास्त

१४ सप्टेंबर, रविवार

क्षमाला नवा कॉम्प्युटर घ्यायचा आहे. कुठला, ते ठरत नाही. सकाळपासून घरात दुसरा विषय नाही!

पोरगी पुण्यातल्या एका ऑफिसात कामाला. अजून न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर उभी करते आणि आत फिरवून आणते. दार उघडतं, पडदा हलतो, सगळं खोटं आणि खऱ्याहून देखणं. चतुर्थीला घरी आली आणि साहेबाला कळवून मोकळी – मी गोव्यातून, नार्व्याहूनच काम करते. साहेब म्हणाला, एक हॉटेल पूर्ण करून पाठव, सतरा ऑक्टोबरच्या आत. जमलं तर तिथेच राहा. नाही जमलं तर दिवाळी करून पुण्याला परत.

हिच्या लॅपटॉपवर ते काम दोन महिन्यांत व्हायचं नाही. म्हणून मशीन हवी. बाजारातली सगळ्यात वेगवान घेतली तर पोरीची पाच वर्षांची शिल्लक साफ. किंवा स्वस्तातली घ्यायची आणि कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या वर ताणायची. ह्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. डिचोलीला लग्नाचे व्हिडिओ करतो तो रुद्रेश, हिच्या वर्गातला. त्याने हे डोक्यात भरवलं.

मी म्हटलं, "नको गे बाय. ओव्हरलोड तो ओव्हरलोड."

"बाबा, ह्यो टिपर नाय!"

१५ सप्टेंबर

प्रभावती म्हणते, "तुमका कोणी विचारल्यान?" कोणी नाही विचारलं. बायको खरं बोलली की जास्त राग येतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

ओव्हरलोड काय चीज आहे ते मला विचारा! दोडामार्गाहून एकोणिसाव्या वर्षी आलो आणि सत्तावीस वर्षं खनिजाचा टिपर हाकला. खाणीवरून जेटीवर, जेटीवरून खाणीवर. दहा टनाच्या गाडीत पंधरा टन. एकदा भर चढावावर मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. गाडी मागे सरकते आहे आणि मी दोन्ही पाय ब्रेकवर देऊन उभा. देवानेच राखलं.

मग अठरा साली खाणी बंद. दारात उभ्या उभ्या टिपर गंजला, शेवटी भंगारात दिला. आता थोडं काम सुरू झालंय म्हणतात, पण ज्याच्याकडे गाडी नाही त्याला हाक कोण मारणार? माडांना पाणी घालतो. पोदेराकडून पाव घेतो. फेरीबोटीवर जाऊन उगाच गप्पा हाणतो. सात वर्षं झाली. ही वही लिहितो कारण तेव्हा रोजच्या ट्रिपा लिहायची सवय होती, हात राहत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

रुद्रेश आला होता. आज उलगडा झाला!

तो म्हणाला, "काका, ओझा वाढणा नाय. काम तेवढाच. फक्त फेरे भरभर मारता."

"म्हणजे माल तोच, ट्रिपा जास्त?"

"बरोब्बर!"

"मगे पयलाच नाय सांगूचा?"

जास्त ट्रिपा मारल्या तर काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. गाडी तापते. रुद्रेश म्हणाला, हीही तापते, फार तापली तर स्वतःच बंद पडते. म्हणून आत पंखे असतात आणि पाण्याचा रेडिएटर. रेडिएटर! पोराला मिठीच मारणार होतो. क्षमाला म्हटलं, स्वस्तातली घे. थंड ठेवायचं काम माझ्याकडे लागलं.

ती म्हणाली, "नक्की ना बाबा? पैसे परत येऊचे नाय." मी म्हटलं, नक्की.

इथे खरं लिहितो. मला त्या वेगाचं काही पडलेलं नाही. मोठी मशीन घेऊन शिल्लक संपली असती तर पुढच्या अडीअडचणीला जास्त पगारासाठी हिला पुण्याला जावंच लागलं असतं. पोरगी घरात राहायला हवी. संध्याकाळी तिचा आवाज माजघरातून आला की घर भरल्यासारखं वाटतं. हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझ्यासाठी म्हणून राहील, ते नको.

२७ सप्टेंबर, शनिवार

मशीन आली! रुद्रेशने जोडली, मी स्क्रू धरले. बाजूला काच, आत सगळं दिसतं. रेडिएटर म्हणजे वहीएवढा, पण जात तीच – पातळ पातळ पत्र्या, मधून वारा.

क्षमा वेग थोडा चढवते, तासभर पळवते, तापमान बघते, परत थोडा चढवते. दुपारी आकडा नव्वदीला टेकला. मग मी माझं डोकं चालवलं. मशीन फिरवून काचेची बाजू भिंतीकडे केली, जुना पत्रा कापून खिडकीपासून पुढच्या जाळीपर्यंत नळकांडं केलं, नदीवरचा वारा सरळ आत. आकडा सात अंशांनी उतरला.

"बाबा, जबरी!" – पोरगी.

"खिडकेची शोभा गेली." – तिची आई.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. इतकी वर्षं दसऱ्याला टिपर धुवायचो, झेंडूची माळ बांधायचो, बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावायचो. सात वर्षं पूजेला दारात काही नव्हतं. शेजारी आपापल्या स्कूटरी पुजायचे आणि मी आत बसून राहायचो.

आज मायलेकी देवळात सोनं वाटायला गेल्या, तेव्हा मी मशीन पुजली. भिंतीपासून पुढे ओढून काच काढली, आत कुंकू, अक्षता, मूठभर झेंडूच्या पाकळ्या. काच परत लावून मशीन होती तशी भिंतीकडे सरकवली. वर नारळ ठेवला. हात जोडले तेव्हा डोळे भरून आले, का ते माहीत नाही. क्षमा नारळ बघून हसली.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज हॉटेलच्या कामाला खरी सुरुवात. अकरा वाजता मशीन बंद पडली. परत चालू केली. साडेबाराला परत बंद!

७ ऑक्टोबर

तीन वेळा. रुद्रेशला फोनवर विचारून क्षमाने वेग उतरवला तरी तेच. जेवली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

ती म्हणाली, "बाबा, ह्या आपल्याक झेपणारा नाय." शांतपणे म्हणाली, ते जास्त लागलं. मोठी मशीन आज मागवली तर एकोणीस तारखेला मिळेल. मुदत सतराची. म्हणजे तोही रस्ता बंद. ती फोनवर पुण्याच्या बसची वेळ बघत होती.

नक्की असं मीच म्हटलं होतं. घरात कोणी त्याची आठवण काढली नाही. प्रभावतीनेसुद्धा नाही!

९ ऑक्टोबर, गुरुवार

क्षमा बाजाराला गेली होती. मी मशीनसमोर जाऊन बसलो. गाडी तापली तर ड्रायव्हर आधी काय बघतो? रेडिएटर. चार दिवस हे मला सुचलं नाही, कारण मशीन म्हटलं की मी अडाणी, हे मीच धरून चाललो होतो.

मशीन फिरवून काच काढली. रेडिएटरच्या पत्र्यांत झेंडूच्या पाकळ्या, वाळून चिकटलेल्या. कुंकवाचा थर. एका पंख्यात तांदूळ अडकलेला, पंखा फिरतच नव्हता.

मी घातलेलं सगळं! टिपराच्या इंजिनावर फुलं टाकली तर पहिल्या वळणाला उडून जातात. ह्या डब्यात वारा आत ओढला जातो, हे मला ठाऊक होतं की – त्यासाठीच तर नळकांडं केलं होतं! तरी हात जोडताना डोकं कुठे होतं कोण जाणे.

दात घासायचा ब्रश घेतला आणि पत्री पत्री साफ केली. फुलं माडाखाली पुरली. मशीन लावली. पंखे तिन्ही फिरले.

आता सांगू की नको?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नाही सांगितलं. मशीन दिवसभर चालली, एकदाही पडली नाही. मला वाटलं, सुटलो. पण क्षमाने हॉटेलचं काम लावलंच नाही, नुसत्या चाचण्या घेत बसली. म्हणाली, "कित्याक बंद पडली ता कळाक नाय, तर विश्वास कसो ठेवू? मधीच परत पडली तर?" साहेबाला आजच नाही म्हणून कळवते म्हणाली.

मग तोंड उघडलं. दारातच उभा राहून. "बाय, मशीन बिघडूक नाय. दसऱ्याक मी आत फुलां घातलंय. कुंकू पण. तांदूळ पण."

"आत?"

"टिपराक घालतंय तशी."

मला वाटलं, आता रडते. आणि मग जी हसत सुटली! प्रभावती चुलीजवळून धावत आली. पोरगी हसता हसता रडत होती की रडता रडता हसत होती, कळलं नाही. मग मला म्हणाली, "चार दिवस बाबा! चार दिवस माझे गेले!" ते मात्र रागाने. मी ऐकून घेतलं. बरोबरच होतं.

सात दिवस उरलेत. काम लावलं.

१३ ऑक्टोबर

मी आकड्यावर नजर ठेवून, ती चित्रांवर. त्र्याऐंशीच्या वर जाऊ दिला नाही. दुपारी वारा पडला तर टेबलफॅन नळकांड्याच्या तोंडाशी धरून बसलो, हात भरून आला तरी.

१५ ऑक्टोबर

वीज गेली. पाऊण तास. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी तेवढी टिकली. माझं काळीज टिकेल असं वाटत नव्हतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पाठवलं! एक दिवस आधी. हॉटेल मी बघितलं – पायऱ्या, पोहण्याचा तलाव, झाडांच्या सावल्यासुद्धा हलतात. सावल्यांनाच सगळ्यात जास्त ट्रिपा लागल्या म्हणे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

साहेबाचा फोन. घरूनच कर. क्षमाने आईला उचलून गरगर फिरवलं. मी माडांना पाणी घालायला गेलो. काल घातलं होतं, तरी.

२५ ऑक्टोबर

रुद्रेश आला, नळकांडं फिरून फिरून बघत बसला. तुळशीची लग्नं झाली की त्याचा हंगाम सुरू, आणि दुकानातल्या तिन्ही मशिनी तापतात. "काका, सोमवारपासून येशात? सगळ्यांका असा करून द्या, मगे रोज बघूक येवा. पगारान."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. कसला विचार! तो फाटकापर्यंत जायच्या आत हाक मारली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सातला प्रभावतीने विचारलं, "डब्यात काय घालू?" सात वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, काय असेल ते घाल. क्षमा निरोप द्यायला फाटकापर्यंत आली.