झुंबरभाऊंची ओळ

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीला सुट्टी. बोईसरला भाग्येशच्या खोलीवर जमलो. अण्णांचा सत्संग सोडलेले चौघंच: भाग्येश, ठकी, गोजराबाई आणि मी. दोन तास नुसती आग पाखडली. ढोंगी काय, लबाड काय! सगळ्यांत मोठा आवाज माझा. गोजराबाई तेवढी गप्प. चहा दोनदा झाला, पत्राची एक ओळ झाली नाही.

पत्र हवंच आहे. मार्गशीर्ष लागला की अण्णा वाणगावला पुन्हा एकेचाळीस दिवसांचं अनुष्ठान बसवणार. चाळीसेक घरं अजून जातात. दोन वर्षांपूर्वी याच अनुष्ठानात गोजराबाईच्या नवऱ्यानं, झुंबरभाऊंनी, शुगरच्या गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली आणि डावा पाय घोट्यावरून काढावा लागला. यंदा कुणावर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठी पत्र. घरोघर द्यायचं, एक प्रत अण्णांनाही.

लिहायचं काम माझ्या गळ्यात. "अर्चनाताई, तुम्हीच शिकलेल्या."

८ नोव्हेंबर, शनिवार

नियम केला आणि सगळ्यांना कळवला — स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच लिहायचं. त्यापुढे ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याची सही. सोळा वर्षं औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत लॅबला आहे, तिथं हेच करते. ज्यानं नमुना काढला त्यानं सही करायची. दुसऱ्याच्या नमुन्यावर मी पेन टेकवत नाही, मग साहेब का रागावेना!

भाग्येशचा लगेच फोन. "ताई, असं गाळत बसलात तर उरणार काय?"

म्हटलं, उरेल ते खरं असेल. फोन ठेवल्यावर स्वतःचंच कौतुक वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गाळलं: अण्णांचं डहाणूकडचं लफडं. कुणी पाहिलं? कुणीच नाही. गाळलं: करणीबिरणी.

राहिलं: भाग्येशला भर सत्संगात उभं करून म्हणाले, "मूल होत नाही ते तुझ्या पापानं." ऐकणारे सत्तर जण, त्यात मी. भाग्येशनं सही केली आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिला. त्याची दारू अण्णांनीच सोडवली होती. हेही त्यानं स्वतःच सांगितलं.

संध्याकाळी ठकी आली. सहा वर्षं अण्णांकडे स्वयंपाकाला होती. म्हणाली, "आमचे पोरीला, किंजलला, अण्णांनीच आश्रमशाळेत घातली. दाखला नव्हता, तरी सायबाशी भांडलं. ता बी लिवा."

"अगं, हे तक्रारीचं पत्र आहे."

"मंग अर्धाच खरा हाय ना ता."

माझाच नियम माझ्या तोंडावर! लिहिलं. मग जाता जाता, चपला घालताना बोलली, "आन् अण्णा रोज न्याहारी झाली का प्रेशरची गोली घेयाचं. पानी मीच देयाची."

'ज्याची श्रद्धा पक्की, त्याला गोळी कशाला?' हे वाक्य व्यासपीठावरून मी शंभर वेळा ऐकलंय. गोळ्या सोडलेल्यांना पुढे बोलावून हार घालायचे. आता दोन ओळी एकाखाली एक. एकीपुढे ठकीचा अंगठा, दुसरीपुढे माझी सही. शिव्या घालायची गरजच नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मुख्य ओळ. भाग्येशनं सांगितली: 'गुरुवारी अण्णांनी झुंबर यांना गोळ्या बंद करण्यास सांगितले.' म्हणाला, "बाकी सगळं एकीकडे, ही ओळ एकीकडे. हीच वाचून लोक थांबतील."

पुढे सही कुणाची? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बरोबरच आहे. गुरुवारी अण्णांचं मौन. आत फक्त मी जायची. लोकांचे प्रश्न न्यायची, अण्णांनी खुणेनं किंवा कागदावर दिलेलं उत्तर बाहेर येऊन सांगायची. 'अण्णांची वाचा' म्हणायचे मला. मिरवायची मी!

गोजराबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि पदरानं उगीचच तोंड पुसलं.

म्हटलं, उद्या करते सही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नाही केली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

इथे तरी लिहून टाकते.

त्या गुरुवारी रांग पार फाटकापर्यंत होती. मी झुंबरभाऊंचा प्रश्न घेऊन आत गेले. अण्णा खुर्चीत झोपलेले. तोंड उघडं, चष्मा पोटावर. उठवायचं धाडस झालं नाही. धाडस कसलं — कंटाळा आला, रांग मोठी होती. मिनिटभर उभी राहिले. बाहेर आले आणि म्हणाले, "अण्णा म्हणतात, श्रद्धा ठेवा. एकेचाळीस दिवस गोळी नको."

कारण ते तेच म्हणाले असते! पण म्हणाले नव्हते.

नमुना न काढताच अहवाल दिला मी. आणि दोन वर्षं त्या माणसाच्या नावानं बोटं मोडतेय. लाज वाटते, फार लाज वाटते.

मग अण्णा निर्दोष? मुळीच नाही. हार घालणारे तेच, स्वतःची गोळी लपवणारे तेच. पाय काढल्यावर दवाखान्यात येऊन "श्रद्धा कमी पडली" म्हणाले, तेव्हा मी खाटेशी उभी होते. ते सगळं पत्रात राहील. ही एक ओळ मात्र त्यांची नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शिफ्टच्या बसमधून उतरून थेट भाग्येशकडे. सांगितलं. त्यानं आधी उठून दार लावून घेतलं. मग, "हे घालू नका ताई. त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळेल. म्हणतील, बघा, अण्णा सुटले! लोक जातील अनुष्ठानाला."

जातीलही. तो चूक बोलला नाही. पण एक ओळ खोटी निघाली तर ठकीची गोळीही खोटी ठरेल. आणि तसं नसतं, तरी...

घरी येऊन लिहिलं: 'झुंबर यांना गोळ्या बंद करायला मी सांगितलं. अण्णांना विचारलं नव्हतं.' खाली सही केली. उद्या सगळ्यांत आधी गोजराबाईला वाचून दाखवायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वाचून दाखवलं. झुंबरभाऊ खाटेवर बसून ऐकत होते. गोजराबाई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय. दार उघडंच व्हतं. अण्णा घोरत व्हते, म्या डोळ्यानं बघितलं."

"मग गोळ्या बंद का केल्या?"

"तू म्हणलीस म्हणून. अण्णाचं सोड. तू गोळ्याच्या कंपनीतली, रोज गोळ्या तपासतीस. आमी म्हणलं, हिला न्हाई कळायचं तर कुणाला कळंल?"